सैमाच्या टाकीचा काटा

आमच्याकडे ऑक्टोबर लागला की माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. रविवारी प्रार्थना संपून चर्चच्या तळघरात कॉफीचा कप हातात आला की एकच प्रश्न, "काय, हीटर लावलास का?" आणि उत्तरही ठरलेलं, "छे! इतक्यात? थंडी कुठं पडलीय अजून?" असं म्हणणाऱ्याच्या अंगात दोन स्वेटर असतात, नाक गाजरासारखं लाल झालेलं असतं, शेजारी बायको खोकत असते. पण कबूल म्हणून करायचं नाही. आम्ही मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला राहणारे फिनिश लोक. आजे-पणजे तांब्याच्या खाणीत राबायला इथं आले, आणि येताना हट्ट तेवढा बरोबर घेऊन आले. आमच्यात ज्याचा हीटर सगळ्यांत उशिरा लागतो आणि ज्याच्या अंगणातली प्रोपेनची, म्हणजे हीटरच्या गॅसची, टाकी सगळ्यांत सावकाश रिकामी होते, तो थोर माणूस. आणि या गावातला थोर माणूस म्हणजे मी, आर्वो कांगास, असं माझं स्वतःचं स्पष्ट मत होतं.

सांगायचंय खरं तर माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, सैमाबद्दल. पण तिची गोष्ट सांगायची तर माझा गाढवपणा सांगावाच लागतो. तो गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा लपवून तरी काय मिळणार?

मी रांगत होतो तेव्हा आई गेली. मला वाढवलं सैमानं, ती स्वतः शाळकरी पोर असताना. पुढं तिनं गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं, केस पिकेपर्यंत. बोलणं मोजकं. "मला थंडी वाजतेय" हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलेलं नाही. एका जानेवारीत शाळेचा बॉयलर बंद पडला, बाहेर वादळ, बस परत फिरवायची सोय नाही. मास्तर मंडळी फोनवर ओरडत बसली. सैमानं सगळी पोरं स्वयंपाकघरात ओढली, भट्ट्यांची दारं सताड उघडली आणि एकेकाच्या हातात कणकेचा गोळा ठेवून म्हणाली, "मळा." ती पोरं आता आजोबा झालीत. त्या दिवसाची थंडी त्यांच्यातल्या एकालाही आठवत नाही, पावाला येणारा वेलदोड्याचा वास आठवतो.

नवरा, एइनो, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी एकच, मार्लिस, ती दूर मिलवॉकीला. सैमा माझ्या घरापासून दोन शेतं पलीकडं, एकटी. ऐंशी कधीच ओलांडलेली, चालताना हातात एइनोची जुनी स्कीची काठी. अंगणात, आमच्या सगळ्यांकडं असते तशी, सौना: लाकडाच्या चुलीवर दगड तापवून वाफेत आंघोळ करायची लहानशी खोली.

दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्याकडचा गॅस अचानक संपला. टाकी एका कंपनीची, भाड्याची. गॅसची गाडी वेळेवर आली नाही, सैमा नेमकी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेली, आणि मागं पाणी गोठून घरातले नळ फुटले. स्वयंपाकघरात पोरांनी स्केटिंग करावं असा बर्फ. मार्लिस धावत आली, जमीन बघून रडली, आणि जाताना आईसमोर, माझ्यासमोर अट घालून गेली.

"आई, तू इथं राहा. मी अडवणार नाही. पण हे घर पुन्हा एकदा जरी थंड पडलं ना, तर मी गाडी घेऊन येईन आणि तू माझ्याबरोबर मिलवॉकीला चलायचं. वाद नाही, रडारड नाही. कबूल?"

"कबूल," सैमा म्हणाली. पण तिचा चेहरा असा झाला होता की मीच मान फिरवली. मार्लिसचं घर नवव्या मजल्यावर. सैमा तिथं एकदा जाऊन आली होती आणि परत आल्यावर एवढंच म्हणाली होती, "तिथं सौना नाही, लाकूड नाही. कुत्रा भुंकला तर माणसं तक्रार करतात. मी तिथं काय करू? खिडकीत बसून मरू?"

तर आता तुम्हीच सांगा, अशा वेळी एखाद्या शहाण्या भावानं काय करावं? मार्लिस म्हणत होती, दुसऱ्या चांगल्या कंपनीची टाकी घेऊ, ते लोक हिशेबानं आपणहून येऊन भरून जातात, कुणी काटा बघायला नको. सरळ, सोपं. पण सरळ आणि सोपं असलं की माझ्या पोटात दुखायला लागतं.

"भाड्याची टाकी?" मी म्हटलं. "भाड्याची टाकी म्हणजे भाड्याचे दात! ते सांगणार तेव्हा चावायचं! टाकी कशी, आपली पाहिजे. काटा आपण बघायचा, फोन आपण करायचा. मार्लिस, तू निश्चिंत जा. तुझ्या आईची टाकी माझ्या जबाबदारीवर."

माझी बायको बर्निस शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आपल्या घरातला दिवा जाऊन महिना झाला, तो कुणाच्या जबाबदारीवर आहे?"

असल्या बोलण्याकडं मी लक्ष देत नाही.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं सामान लिलावात निघालं होतं, त्यात मला ती टाकी मिळाली. काय टाकी होती! जुनी, भरभक्कम, आडव्या पडलेल्या म्हशीएवढी. मी ती ट्रेलरवर घालून आणली, सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवली, पांढऱ्याशुभ्र रंगाचे दोन हात दिले. तपासणी झाली, नळ्या जोडल्या, आणि गॅसवाला ड्वेन पहिल्यांदा टाकी भरायला आला. वरचं झाकण उचलून त्यानं काट्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"आर्वो, हा काटा फार जुना दिसतोय. बदलून घे. अडकेल कधीतरी."

"तू गॅस भर," मी म्हटलं. "काट्याचं मी बघतो."

आणि बघतच राहिलो, त्यात खोटं काही नाही. दर रविवारी चर्चमधून जेवायला घरी, आणि जेवून सैमाकडं कॉफीला. गेलो की आधी टाकीपाशी जायचं. तिथवरची वाट मी स्वतः फावड्यानं मोकळी ठेवलेली, टाकीच्या डोक्यापाशी उंच काठी रोवून तिला लाल फडकं बांधलेलं, म्हणजे बर्फात सगळं गडप झालं तरी गाडीवाल्याला सापडावं. झाकण उचलायचं, काटा बघायचा, झाकण मिटायचं, आणि डॉक्टर पेशंटच्या खोलीतून बाहेर पडतो तशा चेहऱ्यानं घरात शिरायचं. "ठीक आहे," मी म्हणायचो. सैमा मान डोलवायची आणि कॉफी ओतायची. मला फार बरं वाटायचं. पोरगा असताना जिनं मला आंघोळी घातल्या, तिची मी काळजी घेतोय म्हणून छाती फुगायची.

ख्रिसमसच्या सुमाराला काटा चाळिसावर आला, म्हणजे टाकीत चाळीस टक्के गॅस. पुढच्या रविवारी चाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस.

एखाद्या धड डोक्याच्या माणसानं काय केलं असतं? काट्याच्या काचेवर एक टिचकी मारली असती. नाहीतर टाकीवर गरम पाणी ओतून हात फिरवला असता. जिथवर पत्रा गार लागतो तिथवर गॅस, ही युक्ती मी स्वतः गावभर शिकवत फिरत असतो. पण त्यासाठी पाणी तापवायला गॅस जाळायचा? मी? मी त्याऐवजी विचार केला, की गेल्या शरद ऋतूत खिडक्यांना प्लास्टिक मी लावलं, माळ्यावर कापसाच्या गाद्या मी पसरल्या, दाराखालच्या फटी मी बुजवल्या, तेव्हा हे होणारच होतं. आर्वो, म्हटलं, तुझ्यासारखा तूच.

त्यात छपरानं माझी खात्री पटवली. सगळ्यांच्या छपरावरचा बर्फ आतल्या उबेनं वितळून पागोळ्या लटकत होत्या. सैमाच्या छपरावर मात्र कमरेएवढा बर्फ, जशाच्या तसा, एक थेंब वितळलेला नाही. आमच्याकडं असं छप्पर दिसलं की लोक थांबून बघतात. म्हणजे आतली ऊब कणभरही बाहेर जात नाही! मी रस्त्यावर ट्रक उभा करून त्या छपराकडं बघत बसायचो. डोळ्यांत पाणी यायचं अभिमानानं. आत ऊबच नसेल तर ती बाहेर कुठून जाणार, हा विचार शिवलासुद्धा नाही.

आणखी ऐका. त्याच दिवसांत सैमानं मला घरात घेणं बंद केलं. मी दाराशी पोचलो की ती अंगणातल्या सौनाच्या दारातून हाक मारायची, "अरे, इकडं ये! घरात फरशीला मेण लावलंय आजच. तुझे बूट नकोत तिथं." सौनाच्या पुढच्या छोट्या खोलीत, जिथं एरवी आम्ही आंघोळीआधी कपडे काढून ठेवतो, तिथं तिनं लहान टेबल मांडलेलं, कॉफीचं भांडं आतल्या लाकडी चुलीवर ठेवलेलं. गरमागरम, छान. पुढच्या रविवारी परत मेण. त्याच्या पुढच्या रविवारी परत मेण! मी बर्निसला सांगितलं, "सैमाला म्हातारपणी स्वच्छतेचं वेड लागलंय बघ. किती मेण लावते." बर्निस पाठदुखीनं महिनाभर घराबाहेर पडली नव्हती, नाहीतर हे प्रकरण तिथंच मिटलं असतं.

सौनाच्या धुराड्यातून रोज धूर दिसायचा. एरवी आमची सौनातली आंघोळ बुधवारी आणि शनिवारी. मी मनात म्हटलं, सांधे शेकत असेल, बरं आहे.

आणि हे सगळं डोळ्यांपुढं असताना मी काय करत होतो? चर्चच्या तळघरात बढाया मारत होतो.

"चाळीस!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो. "ख्रिसमसला चाळीस, आज फेब्रुवारी, तरी चाळीस!"

समोर ओनी माट्टिला बसला होता. ओनी आणि मी शाळेपासून एकमेकांना पाण्यात बघतो, आणि रोज भेटल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही. त्यानं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला.

"तुझी बहीण श्वास तरी घेते का रे?"

"जळतोस तू."

"मी कशाला जळू? जळायला गॅस लागतो, आणि तो तर तुझ्या टाकीतून हलत नाही." सगळे हसले. "आर्वो, असली टाकी पृथ्वीवर नाही. मला दाखव. चाळीस असेल तर पुढच्या रविवारी या तळघरात उभा राहून मी सांगेन की आर्वो कांगास माझ्यापेक्षा शहाणा आहे."

एवढं ऐकल्यावर मी जेवायला थांबतो होय? तसाच ओनीला ट्रकमध्ये घातला आणि सैमाच्या अंगणात नेऊन उभा केला. फावड्यानं कापलेल्या वाटेवरून मी पुढं, तो मागं. मी राजाच्या डोक्यावरचा मुकुट उचलावा तसं झाकण उचललं.

"वाच."

ओनीनं चष्मा लावला, वाकून बघितलं. "चाळीस," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. आयुष्यातला तो क्षण मी आणखी थोडा चघळायला हवा होता, कारण लगेच ओनीनं हातमोज्यातलं एक बोट वाकवून काट्याच्या काचेवर मारलं. टक.

काटा खाली कोसळला आणि पार तळाला जाऊन टेकला.

ओनीनं परत एकदा टिचकी मारली, जरा हळू, जणू काट्याची माफी मागतोय. काटा हलला नाही. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला माझी थट्टा सुचली नाही. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मी घराकडं धावलो. धावलो म्हणजे माझं वय आणि तो बर्फ बघता जे काय जमलं ते. दार ढकललं. आत दिवा लागलेला, खिडकीतून दिसावा म्हणून. फरशीवर मेणाचा थांगपत्ता नव्हता. ओट्यावर कपात पाण्याचा बर्फ झालेला. तोंडातून वाफ निघत होती. नळाखाली वाकून बघितलं तर सगळे नळ उघडे, पंप बंद, नळ्यांतलं पाणी तळघरातल्या चावीतून शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकलेलं. गोठायला पाणीच नव्हतं, म्हणून एकही नळ फुटला नव्हता. घर नीट झोपवून ठेवलं होतं कुणीतरी.

"सैमा!" मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "सैमा!"

"काय रे, आग लागलीय का?" मागून आवाज आला. ती दारात उभी होती, काठी टेकून, गालावर चुलीची लाली, हातात अर्धवट विणलेला मोजा. सौनामधून आली होती. तिनं ओनीला बघितलं, मला बघितलं, आणि तिला कळलं. "टिचकी कुणी मारली?"

"मी," ओनी म्हणाला.

"वाटलंच. आर्वोच्यानं ते झालं नसतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "काटा अडकलाय हे तुला माहीत होतं?"

"हीटर बंद पडल्यावर गेले होते बघायला. जाताना स्वतःबरोबर डोकं घेऊन गेले होते."

"मग मला फोन का नाही केलास? त्याच दिवशी गॅस आला असता!"

"गॅस आला असता आणि बातमीही आली असती. रिकामी टाकी भरायची म्हणजे ड्वेननं घरात येऊन नळ्या तपासायच्या, आणि ड्वेनची बायको मार्लिसची मैत्रीण. संध्याकाळपर्यंत मिलवॉकीत कळलं असतं." ती खुर्चीवर बसली. "सौनात लाकूड भरपूर आहे. खालच्या बाकावर गादी टाकलीय. एप्रिल काही लांब नाही. मला तिथं नवव्या मजल्यावर जायचं नाहीये, आर्वो. तुम्ही दोघांनी काही बघितलेलं नाही. ओनी, तू सुद्धा."

"मी काय बघितलं?" ओनी म्हणाला. "मला मेलं दिसतं कुठं." आणि चष्मा खिशात घातला.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. रविवार दुपार. मार्लिसची वेळ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गेले कित्येक रविवार ही बाई अंगात कोट घालून या गोठलेल्या स्वयंपाकघरात येत होती, या खुर्चीवर बसत होती, आणि मुलीला सांगत होती की सगळं छान आहे.

सैमा उठायच्या आत मी फोन उचलला. कशासाठी? खोटं बोलण्यासाठीच, दुसरं कशासाठी! माझं नाव वाचवायचं होतं, तिचं घर वाचवायचं होतं, दोन्ही एका थापेत बसत होतं.

"आर्वो मामा? तू उचललास? आई कुठंय? सगळं ठीक आहे ना? घर गरम आहे ना?"

मी थाप मारायला तोंड उघडलं आणि तोंडातून वाफेचा लोट निघाला. त्या वाफेतून मला सैमा दिसली. ती मान हलवत होती, नको, नको, असं. इतकी म्हातारी ती मला कधी दिसली नव्हती. मी आज खोटं बोललो तर ही इथं राहील, आणि हिच्यावर लक्ष ठेवायला कोण, तर मी! चाळीस चाळीस करत फिरणारा मी! दुसऱ्या कुणाच्या भरवशावर असती तर मी बोललोही असतो खोटं.

"नाही, मार्लिस," मी म्हटलं. "घर बर्फासारखं गार आहे. गॅस कधीचा संपलाय. काटा अडकला होता आणि मी मूर्खासारखा त्याच्याकडं बघत बसलो होतो. चूक माझी आहे. तुझ्या आईनं नळ वाचवले, घर वाचवलं, स्वतःला वाचवलं. तिचं काही चुकलं नाही."

मग मार्लिस म्हणाली, "मी निघते."

सैमानं माझ्या हातातून फोन घेऊन जागेवर ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोजा उचलला आणि सौनात निघून गेली.

ड्वेन रविवार असूनही आला. त्यानं टाकी भरली, नळ्या तपासल्या, हीटर पेटवला. आणि "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मार्लिस पोचली. रस्त्यात वादळ लागलेलं, डोळे सुजलेले. सैमा सौनातच बसली होती, दार लावून, सामान न बांधता. मी आणि ओनी बाहेर बर्फ उपसत होतो. उपसण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण आत काय बोलतात ते ऐकायला यायला हवं ना.

"आई, ठरलं होतं आपलं. घर थंड पडलं तर तू येणार."

"घर थंड पडलं. मी कुठं पडले?" सैमाचा आवाज. "हात लाव. लाव की हात! बघ, तुझे हात बर्फ झालेत. इकडं बस चुलीपाशी. मोजे काढ आधी. एवढ्या लांबून गाडी चालवत आलीस ती ओले मोजे घालून? आणि मला सांगतेस, मला एकटीला जमत नाही म्हणून?"

मग कितीतरी वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. ते मार्लिसचं होतं. ओनीनं फावडं खाली ठेवलं आणि हातमोज्यानं नाक पुसलं. मग दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला, आणि आम्हांला कळलं की मायलेकी आंघोळीला बसल्या. तेव्हा आम्ही तिथून निघालो.

निकाल लागला तो असा. सैमा इथंच राहणार. टाकी येणार कंपनीची, तेच लोक आपणहून येऊन भरणार. "आणि आर्वो मामानं त्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही," मार्लिस म्हणाली. "बघायचंसुद्धा नाही." मी म्हटलं, कबूल. तिनं मला मिठी मारली. खरं तर एक लगावून द्यायला हवी होती. माझी म्हशीएवढी टाकी ओनीनं मागून नेली. तिला कापून तो डुक्कर भाजायची भट्टी करणार आहे, आणि त्यावर माझं नाव रंगवणार आहे म्हणे.

त्याच्या पुढच्या रविवारी मी चर्चला गेलो नाही. सैमाकडंही गेलो नाही. दुपारी खिडकीत बसून राहिलो.

"जा की," बर्निस म्हणाली. "ती वाट बघत असेल."

"गुडघा दुखतोय."

"काल शेडवर चढला होतास तेव्हा कुठं गेला होता गुडघा?"

कुठल्या तोंडानं जायचं? आता काटा बघायचा नाही, "ठीक आहे" म्हणायचं नाही, मग त्या घरात माझं काम काय? नुसतं जाऊन तिचा पाव खायचा?

थोड्या वेळानं रस्त्यावर काहीतरी हललं. मी डोळे चोळले. सैमा होती. पायानं ढकलायची आमची जुनी घसरगाडी असते ना, मागं उभं राहून एका पायानं ढकलत जायचं, ती घेऊन येत होती. दहा-वीस पावलं झाली की थांबायची, दम खायची, परत ढकलायची. गाडीच्या बैठकीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं. दोन शेतं ओलांडून, या बर्फात, या वयात! बर्निसनं दार उघडलं आणि तिला हाताला धरून आत घेतलं.

"मेलास की काय ते बघायला आले," सैमा म्हणाली आणि टॉवेल टेबलावर ठेवला. वेलदोड्याचा पाव, अजून कोमट.

"गुडघा..."

"गुडघा नाही. लाज वाटतेय तुला." ती बसली. धाप कमी व्हायला वेळ लागला. "मार्लिसला का नाही सांगितलं ते तुला कळलं. तुला का नाही सांगितलं ते कळलं का?"

"माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून."

"ते तर आहेच. पण म्हणून नाही." तिनं हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. "लहानपणी काही फोडलंस, सांडलंस की तू गवताच्या गंजीत जाऊन लपायचास. तिथंच बसायचास, जेवायला हाक मारली तरी यायचा नाहीस. मी शोधून आणायचे तुला. अंधारात हात घालून घालून. आठवतं? तू अजून तसाच आहेस. काटा अडकलाय म्हणून मी सांगितलं असतं, तर तू परत माझ्या दारात आला नसतास. आणि मला आता शोधायला येणं झेपत नाही रे. आज आले. पुढच्या वेळी नाही जमायचं."

मी पावावरचा टॉवेल उगाच नीट करत बसलो.

"लाकूड होतं," सैमा म्हणाली. "लाकूड एप्रिलपर्यंत पुरलं असतं. पण रविवारी तू आला नसतास, तर मी दिवसभर काय केलं असतं?"

मी रडलो. लपवत नाही, बायकोसमोर, बहिणीसमोर, म्हातारा माणूस तोंड झाकून रडलो. सैमा थांबली, मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "चल. कॉफी चुलीवर ठेवून आलेय. उतू जाईल."

मी बूट शोधायला उठलो, तर बर्निसनं ते आधीच दारापाशी आणून ठेवले होते. सैमाला घसरगाडीवर बसवलं आणि मी मागून ढकलत निघालो. सगळी वाटभर ती मला सांगत होती की मी गाडी वाकडी चालवतोय.